मानांकनाची मोहोर आणि संगणकाची सुरक्षितता

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाची शाळा चालवणाऱ्या संस्थेला एक प्रश्न स्थापनेपासून ऐकावा लागतो : शाळेला मान्यता आहे का? प्रश्न रास्त असतो. मान्यता नसलेल्या शाळेच्या दाखल्याला पुढे कोणी विचारत नाही. म्हणून निरीक्षक येतात, वर्गखोल्या मोजतात, शिक्षकांच्या पदव्या पाहतात, हजेरीपट आणि जमाखर्चाच्या वह्या तपासतात, आणि मग शिक्का उमटतो. परंतु साठ वर्षे ज्या कुटुंबांनी आपली मुले शाळेच्या स्वाधीन केली, त्यांनी केवळ त्या शिक्क्यावर विसंबून निर्णय घेतला नाही. शिकवणे कसे आहे, मागे पडलेल्या मुलाकडे कोण पाहते, झालेली चूक सुधारण्याची रीत तिथे आहे की नाही, याची चौकशी त्यांनी केलीच. मान्यता हा एक प्रश्न होता आणि शिक्षण हा दुसरा.

संगणकाच्या जगात या दोन प्रश्नांची गल्लत गेली चाळीस वर्षे होत आली आहे. एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमला अधिकृत सुरक्षा मानांकन मिळाले, की ती सुरक्षित झाली असे विकणारा सांगतो आणि घेणारा मानतो. हा विषय केवळ अभियंत्यांचा राहिलेला नाही. विद्यार्थ्यांची नावे, पत्ते, आधार क्रमांक, गुणपत्रके, फीचे हिशेब आज संगणकात असतात. निवृत्त शिक्षकाची आयुष्यभराची पुंजी त्यांच्या हातातल्या फोनवरून इकडची तिकडे होऊ शकते. म्हणून मानांकनाची मोहोर नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे प्रत्येक सुजाण नागरिकाला ठाऊक असायला हवे.

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या साऱ्या कारभाराची सूत्रे हाती असलेली मूळ प्रणाली. विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड ही तिची परिचित रूपे. कोणत्या प्रोग्रामने स्मृतीचा कोणता भाग वापरावा, कोणाला कोणती फाइल उघडता यावी, बाहेरून आलेला संदेश कोणाच्या हाती द्यावा, हे सारे तीच ठरवते. वाड्यातील किल्ल्यांचा जुडगा ज्या कारभाऱ्याच्या कमरेला असतो, तोच शत्रूला वश झाला तर प्रत्येक खोलीला लावलेले कुलूप निरुपयोगी ठरते. म्हणून सुरक्षेचा विचार या कारभाऱ्यापासून सुरू झाला.

त्याची सुरुवात अमेरिकेच्या संरक्षण खात्यात झाली. एकाच मोठ्या संगणकावर अनेक जण एकाच वेळी काम करू लागले, तेव्हा गोपनीय कागद पाहण्याचा अधिकार असलेला अधिकारी आणि तो नसलेला कर्मचारी एकाच यंत्रावर आले. या अडचणीचा पहिला मोठा अहवाल १९७० मध्ये विलिस वेअर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने दिला. पुढे १९८३ मध्ये संगणकांच्या विश्वासार्हतेचे निकष ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले आणि १९८५ मध्ये त्यांना खात्याच्या अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला. मुखपृष्ठाच्या रंगामुळे तो ग्रंथ ‘ऑरेंज बुक’ म्हणून ओळखला गेला. त्यात तळाच्या डी पासून सी-१, सी-२, बी-१, बी-२, बी-३ अशा चढत जाऊन ए-१ पर्यंत पोहोचणाऱ्या सात पायऱ्या होत्या. वरच्या पायऱ्यांवर प्रणालीच्या रचनेचा गणिती पुरावा मागितला जाई. सामान्य व्यापारी प्रणालीसाठी सी-२ ही पायरी पुरेशी मानली गेली. वापरणाऱ्याची ओळख पटवणे, कोणी काय केले याची नोंद ठेवणे, ज्याची फाइल त्याच्या परवानगीविना दुसऱ्यास न देणे, एवढ्या तिच्या मुख्य अपेक्षा होत्या.

या अपेक्षा चांगल्या होत्या आणि त्यांचा लाभही झाला. आज कार्यालयातल्या संगणकावर प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते आणि कोणी कधी प्रवेश केला याची नोंद राहते, ही शिस्त व्यापारी प्रणालींमध्ये रुजण्यात त्या निकषांचा वाटा आहे. परंतु परीक्षा ज्या स्थितीत झाली आणि प्रणाली ज्या स्थितीत वापरली गेली, त्यांत पहिल्यापासून अंतर होते. १९९५ मध्ये विंडोज एनटी ३.५ या प्रणालीला सी-२ मानांकन मिळाले, ते एकट्या, कोणत्याही जाळ्याला न जोडलेल्या संगणकासाठी. त्याच सुमारास जग इंटरनेटला जोडले जात होते. ज्या काळात घराची सर्व दारे बाजाराच्या दिशेने उघडत होती, त्या काळात दारे नसलेल्या घराची तपासणी करून दाखला दिला गेला. दाखल्यात खोटे काही नव्हते. तपासलेली स्थिती त्यात स्पष्ट लिहिलेली होती. ती वाचण्याची तसदी मात्र फार थोड्यांनी घेतली.

प्रत्येक देशाने आपापले निकष लावले, तर निर्मात्याला एकाच वस्तूची परीक्षा अनेकदा द्यावी लागणार. ही अडचण दूर करण्यासाठी अमेरिका, कॅनडा आणि युरोपातील काही देशांनी मिळून ‘कॉमन क्रायटेरिया’ हे सामाईक निकष तयार केले. त्यांची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये निघाली आणि १९९९ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय मानकाचे स्थान मिळाले. त्यांतील पायऱ्यांना ईएएल म्हणतात आणि त्या एक ते सात अशा मोजतात. मोठा अंक म्हणजे अधिक सुरक्षित प्रणाली, असा समज येथे सर्वत्र पसरला. वस्तुतः हा अंक प्रणालीचे बळ मोजत नाही. परीक्षण किती खोलवर झाले, एवढेच तो सांगतो. पहिल्या पायरीवर प्रणाली सांगितलेले काम करते का, हे पाहिले जाते. चौथ्या पायरीवर तिची रचना, चाचण्या आणि निर्मितीची पद्धत बारकाईने तपासली जाते. सातव्या पायरीवर रचनेचा औपचारिक गणिती पडताळा लागतो.

आणि परीक्षण कशाचे, हा प्रश्न उरतोच. कॉमन क्रायटेरियाच्या पद्धतीत निर्माता प्रथम एक लक्ष्यपत्र सादर करतो. आपली वस्तू कोणत्या धोक्यांपासून रक्षण करील, कोणत्या परिस्थितीत करील आणि भोवतालाविषयी काय काय गृहीत धरले आहे, हे त्यात लिहिलेले असते. अनेकदा हे लक्ष्यपत्र आधी मान्य झालेल्या एखाद्या सामाईक नमुन्यावरून बेतलेले असते. परीक्षक त्या लक्ष्यपत्राशी वस्तू ताडून पाहतो. म्हणजे येथे अभ्यासक्रमाची सीमा बऱ्याच अंशी परीक्षार्थीच आखतो आणि परीक्षक त्या सीमेच्या आत कितीही काटेकोर असला, तरी सीमेबाहेरचा प्रश्न विचारत नाही. गुणपत्रिकेवर मोठा अंक दिसतो, परंतु प्रश्नपत्रिका कोणती होती हे पाहिल्याशिवाय त्या अंकाचा अर्थ लागत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण विंडोज २००० या प्रणालीचे आहे. ऑक्टोबर २००२ मध्ये तिला ईएएल-४ प्लस हे मानांकन मिळाले. सर्वसामान्य वापराच्या व्यापारी प्रणालीसाठी ही मोठी मजल होती आणि तिची जाहिरातही तशीच झाली. परंतु हे परीक्षण ज्या सामाईक नमुन्यावर आधारलेले होते, त्याचे गृहीतक पाहण्यासारखे आहे. वापरणारे लोक वैरभावाने वागणारे नाहीत, यंत्रणेची देखभाल नीट होते आहे आणि नियमभंग झालाच तर तो अनवधानाने किंवा सहज चाळा म्हणून होईल, अशा वातावरणाला पुरेल एवढेच संरक्षण त्या नमुन्यात अभिप्रेत होते. घरातल्या मुलाने कपाट उघडू नये म्हणून लावलेली कडी आणि दरोडेखोरांसाठी लावलेले कुलूप यांत जो फरक, तोच येथे होता.

दहा महिन्यांत त्याची प्रचिती आली. १६ जुलै २००३ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली. दूरच्या संगणकाकडून आलेली विनंती स्वीकारणाऱ्या सेवेत हा दोष होता आणि विशिष्ट रीतीने रचलेला संदेश पाठवून कोणीही परका त्या यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. चार आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्टला, ‘ब्लास्टर’ नावाची अळी इंटरनेटवर सुटली. कोणी काही उघडण्याची वा दाबण्याची गरज नव्हती. संगणक जाळ्याला जोडलेला असणे पुरेसे होते. जगभर लक्षावधी संगणक तिच्या तावडीत सापडले. त्यांत मानांकित विंडोज २००० होती आणि विंडोज एक्सपीही होती. परीक्षकांनी कामचुकारपणा केला होता, असे यावरून म्हणता येत नाही. शत्रू नसलेल्या जगासाठी लिहिलेला दाखला शत्रूंनी भरलेल्या जगात वापरला गेला होता.

पुढे विंडोज एक्सपी आणि सर्व्हर २००३ यांनाही डिसेंबर २००५ मध्ये ईएएल-४ प्लस मिळाले. त्याच महिन्याच्या अखेरीस विंडोजच्या चित्र दाखवण्याच्या यंत्रणेतील एक जुना दोष उघडकीस आला. खास रचलेले एक चित्र पडद्यावर आणले, की हल्लेखोराचा प्रोग्राम चालू होत असे. दुरुस्ती ५ जानेवारी २००६ रोजी आली. तोवर या दोषाचा गैरफायदा घेणे सुरू झालेले होते.

या दोन घटनांमागे आणखी एक अडचण आहे आणि ती काळाची आहे. विंडोज २००० बाजारात आली फेब्रुवारी २००० मध्ये. तिचे मानांकन पूर्ण होईपर्यंत तिची उत्तराधिकारी एक्सपी येऊन वर्ष उलटले होते. परीक्षण एका ठरावीक आवृत्तीचे, ठरावीक मांडणीचे होते. दाखला हातात पडल्यावर एखादा दोष सापडला आणि त्याची दुरुस्ती बसवली, तर यंत्रावर असलेली प्रणाली ही परीक्षण झालेली प्रणाली राहत नाही. दाखला अक्षरशः जपायचा तर दोष तसाच ठेवायचा, आणि दोष काढायचा तर दाखल्याबाहेर पाऊल टाकायचे, अशा कात्रीत कित्येक सरकारी कार्यालये सापडली. आजारी माणसाने औषध घेतले म्हणून त्याचे आरोग्य प्रमाणपत्र रद्द व्हावे, तसा हा प्रकार.

या संदर्भात मानांकनातील ‘प्लस’ या चिन्हाकडे लक्ष द्यायला हवे. विंडोज २००० च्या दाखल्यातील ते अधिकचिन्ह एका विशिष्ट गोष्टीसाठी होते : दोष कळवण्याची वाट खुली आहे, आलेल्या दोषाचा छडा लावला जातो आणि दुरुस्ती ग्राहकापर्यंत पोहोचवण्याची ठरलेली पद्धत आहे. जाहिरातीत चार हा आकडा मोठा दिसे आणि अधिकचिन्ह लहान. परंतु पुढच्या वीस वर्षांच्या अनुभवावरून पाहिले, तर संगणक वापरणाऱ्याला सर्वाधिक उपयोगी पडली ती त्या लहानशा चिन्हामागची शिस्त.

रायगडावरच्या हिरकणीची आख्यायिका मराठी घरातल्या मुलांना लहानपणीच ठाऊक होते. गडाचे दरवाजे बंद झाले आणि तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण अवघड कडा उतरून घरी गेली. गड अभेद्य आहे, असा विश्वास असलेल्यांना ती वाट तिच्यामुळे कळली. आख्यायिकेतल्या महाराजांनी तिला शिक्षा केली नाही. तिचा गौरव केला आणि त्या कड्यावर बुरूज बांधवला. संगणक सुरक्षेची उत्तम परंपरा याहून वेगळी नाही. दोष दाखवणाऱ्याचा मान राखणे आणि विनाविलंब बुरूज बांधणे, एवढीच ती आहे. याउलट दोष दाखवणाऱ्यास गप्प बसवून दरवाजावरचा शिक्का दाखवत राहणारी संस्था कितीही मानांकित असो, तिच्या कड्यावरची वाट उघडीच राहते.

मायक्रोसॉफ्टच्याच इतिहासात हे दिसते. जानेवारी २००२ मध्ये बिल गेट्स यांनी कर्मचाऱ्यांना पत्र लिहून नव्या सोयींपेक्षा विश्वासार्हतेला अग्रक्रम देण्यास सांगितले. त्यानंतर विंडोजवर काम करणाऱ्या अभियंत्यांचे नेहमीचे काम थांबवून त्यांना सुरक्षित लेखनाचे प्रशिक्षण देण्यात आले. ऑक्टोबर २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या प्रसिद्ध करण्याचा नेम सुरू झाला. ऑगस्ट २००४ च्या मोठ्या सुधारणेत एक्सपीची संरक्षक भिंत आपोआप चालू असू लागली. या पावलांनी ब्लास्टरसारख्या अळ्यांची वाट जेवढी अरुंद केली, तेवढी कोणत्याही मानांकनाने केली नाही.

मग वरच्या पायऱ्या तरी निःशंक आहेत का? २०१७ मध्ये चेक प्रजासत्ताकातील मसारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी इन्फिनिऑन कंपनीच्या चिपमधील गुप्तकिल्ल्या तयार करण्याच्या पद्धतीत दोष असल्याचे दाखवून दिले. उघड असलेल्या किल्लीवरून गुप्त किल्ली शोधणे त्यामुळे अपेक्षेपेक्षा फार सोपे झाले होते. या चिपना ईएएल-५ प्लससारखी उच्च मानांकने होती. एस्टोनिया या लहानशा देशात सुमारे साडेसात लाख ओळखपत्रांवर त्याचा परिणाम झाला आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांची डिजिटल प्रमाणपत्रे स्थगित करावी लागली.

त्याहून कठोर मार्गही चोखाळला गेला आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००९ मध्ये ‘एसईएल-फोर’ या प्रणालीगाभ्याचा लिखित प्रोग्राम त्याच्या अपेक्षित वर्तनाशी तंतोतंत जुळतो, हे गणिताने सिद्ध केले. तो गाभा सी भाषेतील सुमारे ८,७०० ओळींचा आहे. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या मोठ्या प्रणाली कोट्यवधी ओळींच्या असतात. ही सिद्धता संगणकशास्त्रातील मोठी कामगिरी होय, आणि तिच्या कर्त्यांचा प्रामाणिकपणा असा की यंत्राचे हार्डवेअर ठरल्याप्रमाणे चालते, हे आपले गृहीतक त्यांनी उघड मांडले. जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले आणि खुद्द प्रोसेसरच्या वेग वाढवण्याच्या युक्तीतून गुपिते पाझरू शकतात, हे जगाला कळले. गणित खोटे ठरले नव्हते. गृहीतकाखालची जमीन हलली होती.

या सर्वांचा अर्थ मानांकने निरर्थक आहेत असा नाही. त्यांच्यामुळे निर्मात्याला आपला दावा लेखी मांडावा लागतो, त्रयस्थ परीक्षकापुढे कागद ठेवावे लागतात आणि काही दोष ग्राहकापर्यंत पोहोचण्याआधी सापडतात. भारतानेही हा मार्ग स्वीकारला आहे. केंद्र सरकारच्या एसटीक्यूसी या संस्थेमार्फत कॉमन क्रायटेरियाची प्रमाणपत्रे दिली जातात, कोलकात्यात त्यासाठी प्रयोगशाळा आहे आणि २०१३ मध्ये भारताला प्रमाणपत्र देणाऱ्या देशांच्या पंक्तीत स्थान मिळाले. २०१४ मध्ये या देशांनी आपला परस्पर करार सुधारला. केवळ पायरी उंच आहे म्हणून एका देशाचा दाखला दुसऱ्याने आपोआप मानावा, ही प्रथा आखडती घेतली गेली आणि त्या त्या प्रकारच्या वस्तूसाठी तज्ज्ञांनी मिळून लिहिलेल्या सामाईक अपेक्षांवर भर आला. अंकाच्या मागे न धावता प्रश्नपत्रिका सुधारायची, हा त्या बदलाचा आशय. व्यवस्था स्वतःच्या अनुभवातून शिकते, हे त्यातले समाधान.

परंतु उत्तमातल्या उत्तम दाखल्याच्याही पलीकडे वापरणाऱ्याची जबाबदारी उरते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रामने जग हादरवले. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालय संस्थांपैकी सुमारे एक-तृतीयांश संस्थांच्या कामात व्यत्यय आला. रुग्णांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या दोषाचा फायदा घेतला गेला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेली होती. ती बसवायला दोन महिने मिळाले होते. पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’चा हल्ला युक्रेनमधील एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून शिरला आणि थेट मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका धक्क्याचे कामकाज त्याने विस्कळीत केले. तेथे तर विश्वासाचीच वाट शत्रूने वापरली होती आणि एका यंत्रावरून चोरलेल्या परवलीच्या शब्दांनी तो दुरुस्ती बसवलेल्या यंत्रांतही शिरत होता. कोणत्या प्रणालीवर कोणती मोहोर आहे, हे या हल्ल्यांनी विचारले नाही.

म्हणून पालकांनी, माजी विद्यार्थ्यांनी आणि संस्थाचालकांनी मानांकन पाहावेच, पण ते पाहिल्यावर काही प्रश्न विचारावेत. परीक्षण नेमक्या कोणत्या आवृत्तीचे झाले आणि आपल्याकडे तीच आहे का? शत्रू कोण आणि किती बळाचा असेल, असे गृहीत धरले होते? दोष सापडल्यास कळवायचे कोणाला आणि दुरुस्ती किती दिवसांत येते? त्या प्रणालीला दुरुस्त्या मिळणे कोणत्या तारखेपर्यंत चालू राहणार आहे? आणि शेवटचा प्रश्न स्वतःलाच : आलेली दुरुस्ती त्याच आठवड्यात बसवली जाते का, महत्त्वाच्या नोंदींची एक प्रत जाळ्याबाहेर वेगळी ठेवली जाते का, आणि ती प्रत उघडते की नाही हे कोणी पाहिले आहे का? या प्रश्नांची समाधानकारक उत्तरे देणारी साधी प्रणाली, उत्तरे न देणाऱ्या मानांकित प्रणालीपेक्षा अधिक भरवशाची समजावी.

शाळेच्या कार्यालयातल्या जुन्या कपाटात पहिल्या तुकडीची हजेरी असते. ती टिकली ती कपाटावर कोणता शिक्का होता म्हणून नव्हे. वाळवी लागली का हे दर पावसाळ्यात कोणी ना कोणी उघडून पाहिले, ओल आलेला कागद उन्हात ठेवला, फाटलेले पान चिकटवले. पुढच्या पिढीच्या नोंदी संगणकात राहणार आहेत. त्यांच्यासाठीही तेवढेच करावे लागेल : नियमाने उघडून पाहावे लागेल.